शांत बसा सांगतात सगळे, पण शरीरच बसू देत नाही, अशा वेळी काय करता?

भांडुपची_गॅलरी | ८ जुलै, रात्री १:४८

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. पावणेदोन वाजलेत, गॅलरीत फेऱ्या मारून आत्ताच आत आलो आणि ओट्याशी उभा राहून टाईप करतोय, कारण बसवत नाहीये.

मार्चमध्ये वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं थोडं थोडं परत येतंय. आई ७१ ची. बायकोची नोकरी, माझी नोकरी, मुलगी दहावीला, त्यात एप्रिलपासून ऑफिसात दोन माणसांचं काम माझ्या एकट्याकडे. सगळ्यांच्याच घरी काही ना काही चालू असतं हे मला कळतं, विचारायचंय ते शरीराबद्दल.

संध्याकाळी लोकलमधून उतरून घरी आलो की पाय थांबतच नाहीत. जबडा आवळलेला, खांदे कानाशी. सोफ्यावर बसलो की दोन मिनिटांत उठतो, फ्रीज उघडतो, बंद करतो, दाराची कडी बघतो, बाबांची चादर सारखी करतो, परत बसतो, परत उठतो. मित्राने सांगितलं ध्यान कर. ॲप घेतलं. वीस मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे बघायचं. तिसऱ्याच मिनिटाला छातीत धडधड, अंगभर मुंग्या, आणि असं वाटतं की आत्ता उठलो नाही तर मोठ्याने ओरडेन. तरी आठ दिवस केलं. आठव्या दिवशी घामाघूम होऊन उठलो आणि बायको घाबरली.

ज्यांना जमतं त्यांनी सांगा, सुरुवातीला असं होतं का? आणि ज्यांना नाही जमत ते काय करतात? मनापासून विचारतोय.

उकडीचा_मोदक | ८ जुलै, सकाळी ६:१२

अगदी हेच. शब्दन् शब्द. मला वाटायचं मी एकटीच अशी आहे. वाचतेय.

नाइट_ड्यूटी_सिस्टर | ८ जुलै, सकाळी ८:३५

भाऊ, आत्ताच ड्यूटी सुटली, ट्रेनमधून लिहितेय, चुका पोटात घाला. २३ वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात आहे, त्यातली ११ आयसीयूत. बाहेर पॅसेजमध्ये बाकडी असतात आणि ज्याचं माणूस आत आहे तो त्या बाकड्यावर बसत नाही. भिंतीपासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून भिंतीपर्यंत चालत राहतो. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळ्यांना सांगायची, काका बसा, शांत बसा, डॉक्टर येतीलच. काका बसायचे आणि दोन मिनिटांत हात थरथरायला लागायचे. एक बाई तर बाकड्यावरून चक्कर येऊन खाली पडल्या. तेव्हा आमच्या एका जुन्या मेट्रननी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना बसवू नकोस गं, कामाला लाव.

तेव्हापासून मी सांगते, काका खाली मेडिकलमधून एवढं घेऊन या, जिन्याने जा, लिफ्टला गर्दी आहे. परत येतात तेव्हा धाप लागलेली असते पण डोळे जागेवर आलेले असतात. मग पाणी देते, आणि मग ते आपणहून बसतात. या बसण्यात आणि आधीच्या बसण्यात जमीनअस्मानाचा फरक असतो.

तुमचं शरीर मार्चपासून त्या पॅसेजमध्येच आहे असं समजा. त्याला आत्ता लगेच बसवू नका.

परळची_फिजिओ | ८ जुलै, सकाळी १०:२०

सिस्टर, तुमच्या मेट्रनबाईंना माझा नमस्कार. त्यांनी अनुभवाने जे ओळखलं तेच आम्हाला पुस्तकात शिकवतात. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली लिहून ठेवलंय, धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते, यकृत रक्तात साखर सोडतं, पोटाकडचं रक्त दंडा-मांड्यांकडे वळतं. म्हणजे सगळी रसद स्नायूंना पोचलेली असते. आता तुमचा धोका काय, तर बाबांच्या औषधांचं बिल आणि बॉसचा मेल. त्यात ना पळायचंय ना कुणाशी लढायचंय. रसद तशीच पडून. आणि नेमकं तेव्हा आपण त्या शरीराला सांगतो, मांडी घाल, डोळे मिट. ते कसं ऐकेल?

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण याची लोकांना लाज वाटते. शिथिल व्हायला गेल्यावर उलट घाबरायला होणं हे नोंदलेलं आहे, १९८३ पासून त्यावर शोधनिबंध आहेत, त्याला नाव आहे. तुमच्या निश्चयात काही कमी नाही. डोळे मिटले की बाहेरचं काहीच उरत नाही आणि आतली धडधड चौपट मोठी ऐकू येते.

मी पेशंटना काय सांगते, तर फास्ट लोकल आठवा. दादरला थांबायची असेल तर माटुंग्यापासूनच वेग सोडत येते, एकदम ब्रेक मारला तर डब्यातली माणसं एकमेकांवर पडतील. तसं शरीराला उतरवायचं. आधी त्याच्या वेगाला वेग द्या, दहा-बारा मिनिटं भरभर चाला, जिने चढा, एका जागी धावा, दम लागला पाहिजे पण बोलता आलं पाहिजे. मग त्याच वाटेवर निम्म्या वेगाने पाच मिनिटं. मग उभ्यानेच, भिंतीला पाठ टेकून, खांदे कानापर्यंत ओढायचे, पाच आकडे धरायचे आणि सोडायचे, मुठींचं तसंच, जबड्याचं तसंच. आधी मुद्दाम ताणायचं आणि मग सोडायचं ही युक्ती एडमंड जेकबसन या डॉक्टरने शिकागोत १९२० च्या दशकात बसवली आणि आजही आम्ही तीच वापरतो, कारण घट्ट आवळलेल्या स्नायूला नुसतं सैल हो सांगून कळत नाही, आधी आवळल्यावर मग सैल म्हणजे काय ते त्याला समजतं.

श्वास सगळ्यात शेवटी. आणि तोही नुसता बघायचा नाही, त्याला काम द्यायचं. नाकातून एक श्वास, तो पूर्ण भरला की त्यावरच अजून एक छोटा घोट, आणि मग तोंडाने सावकाश, गरम चहावर फुंकर घालतो तसा सोडायचा. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला हळू चल म्हणून सांगते, म्हणून सोडणं लांब हवं. २०२३ साली स्टॅनफर्डच्या अभ्यासात हाच प्रकार रोज पाच मिनिटं महिनाभर करून घेतला, तेव्हा नुसत्या ध्यानापेक्षा याने लोकांना जास्त प्रसन्न वाटलं.

डोळे उघडे ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे तरी.

गोराई_पार | ८ जुलै, दुपारी १:०५

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी इगतपुरीला विपश्यनेची चार शिबिरं केलीत, दहा-दहा दिवसांची. पहिल्या शिबिरात मलाही दुसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटलं होतं. चौथ्या दिवसानंतर अधिष्ठानाच्या बैठका असतात, तासभर हातपाय हलवायचे नाहीत. गुडघे पेटतात, मन ओरडतं. पण तिथेच कळतं की ही अस्वस्थता येते तशी जाते. प्रत्येक वेळी उठून चालायला लागलो तर तिला पाठ दाखवायची सवय लागेल. आठ दिवस म्हणजे काहीच नाही. थोडा धीर धरा, बसत राहा.

कान्हेरी_रविवार | ८ जुलै, दुपारी ४:४०

गोराईवाले दादा, तुमच्या साधनेबद्दल आदर आहे. पण तुम्ही इगतपुरीला गेलात तेव्हा फोन काढून घेतला होता, दोन वेळचं आयतं जेवण होतं, बोलायचं नव्हतं, शिकवणारे समोर होते. आणि शिबिराला नाव देतानाच विचारतात की काही मानसिक त्रास आहे का, गोळ्या चालू आहेत का, ते उगाच नाही. हे गृहस्थ रात्री दोन वाजता वडिलांचं डायपर बदलून एकटे ॲप लावून बसतायत. दोन्हीला एकच फूटपट्टी नको.

आणि चालणं म्हणजे पाठ दाखवणं, हे तर मला अजिबात पटत नाही. बौद्ध परंपरेतच चंक्रमण आहे ना. ठरलेल्या छोट्या वाटेवर इकडून तिकडे, तिकडून इकडे, लक्ष पावलात ठेवून चालणं, हे पण ध्यानच. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या बाजूला बुद्धांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवतात, दगडात कोरलेली कमळं आहेत तिथे. मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दर रविवारी सकाळी जातो, कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढतो, शंभरावर लेणी आहेत, दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत, पायऱ्या आहेत. तिथे राहणारे भिक्खू दिवसभर मांडी घालूनच बसत असतील असं त्या पायऱ्या चढल्यावर तरी वाटत नाही.

भांडुपकर, तुमची गॅलरी किती फूट आहे? तेवढी पुरते.

गोराई_पार | ८ जुलै, संध्याकाळी ७:१५

हे मान्य. घाईत लिहिलं. वडिलांची सेवा करणाऱ्या माणसाला मी धीर धरा म्हणायला नको होतं, त्यांनी तो आधीच धरलाय. चंक्रमणाचं माझ्या लक्षात यायला हवं होतं, शिबिरात मधल्या वेळेत आम्ही सगळे चालतच असायचो.

गिरगावच्या_काकू | ८ जुलै, रात्री ९:३०

मी ६८ वर्षांची. हे सगळं शास्त्र मला आत्ता कळतंय पण आमच्या आईला माहीत होतं असं वाटतं. माझे वडील गिरणीत होते, १९८२ चा संप झाला तेव्हा मी नवी सून होते आणि माहेरी काय चाललंय ते पोस्टकार्डातून कळायचं. आई सांगायची, त्या दिवसांत तिने गावाकडून जातं मागवून घेतलं. पीठ मिळत नव्हतं अशातला भाग नाही. तिला दळायचं होतं. पहाटे उठून जातं ओढायची आणि तोंडाने ओवी चालू. खुंट्याला हात, अंग पुढे मागे, आणि ओवीची ओळ तेवढीच लांब जेवढा एक फेरा. आता तुमच्या त्या फिजिओ मुलीने लिहिलंय ना श्वास लांब सोडा, ओवी म्हणताना श्वास आपोआप लांबच सुटतो. वेगळं करावं लागत नाही.

माझ्याकडे जातं नाही, पण मिस्टर गेले त्या वर्षी मी रोज संध्याकाळी कणीक मळायची, गरजेपेक्षा जास्त, शेजारणीला पोळ्या द्यायची. बसून जप करायला घेतला की माळ हातातून सुटायची. कणकेला मात्र हात चिकटून राहायचे, आणि तोंडात नाव असायचंच. देवाला ते चाललं असेल असं मी धरून चालले.

बाळा, घरात खलबत्ता असेल तर दाण्याचं कूट त्यातच कर. मिक्सर नको.

उकडीचा_मोदक | ८ जुलै, रात्री ९:५२

काकू, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

दहा_बाय_बारा | ९ जुलै, सकाळी ७:४०

सगळे चाला चाला सांगतायत, बरोबर आहे, पण आमच्यासारख्यांनी कुठे चालायचं तेही सांगा. लालबागला दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, कॉमन पॅसेजमध्ये सगळ्यांच्या चपला नि पाण्याची पिंपं. बाहेर पाऊस, रस्ता खोदलेला. रात्री अकराला बाई माणसाने एकटीने भरभर चालत निघालं तर चार जण विचारतात कुठे निघालीस. आणि लोकलमध्ये तर बोलूच नका, संध्याकाळच्या लेडीज डब्यात बोट हलवायला जागा नसते आणि माझी धडधड नेमकी तिथेच सुरू होते.

परळची_फिजिओ | ९ जुलै, दुपारी २:१०

हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं, आणि आधीच्या प्रतिसादात मला हे सुचलं नाही याचं वाईट वाटतंय.

घरी: भिंत. दोन्ही तळवे भिंतीला लावा, एक पाय मागे, आणि बंद पडलेली गाडी ढकलतो तशी भिंत ढकला, दहा आकडे, पूर्ण जोर लावून. सोडा. पुन्हा. पाच-सहा वेळा केलंत की मांड्या थरथरतील, थरथरू द्या. जागा लागते एका माणसाची. दुसरं, ओल्या चादरी पिळणं. खरंच सांगते, टॉवेल ओला करून पिळायचा, जितका पिळता येईल तितका. उखाणे घालून फुगडी खेळायचो ना आपण, ती दोघींना मिळून त्या पॅसेजमध्येही होईल, घरात लेकबाळ असेल तर तिला घ्या.

ट्रेनमध्ये: वरची कडी धरलेली असते, ती आवळा, सात आकडे, मग पकड ठेवून फक्त जोर सोडा. चपलेच्या आत पायाची बोटं जमिनीत रुतवा, सोडा. करी रोड ते दादर एवढ्यात दहा-बारा वेळा होतं, शेजारणीला कळत पण नाही. डोळ्यांना काम द्या, डब्यातल्या निळ्या वस्तू मोजा. आणि तोंड बंद ठेवून घशातून बारीक गुणगुणा, भ्रामरीसारखं, गाडीच्या आवाजात ऐकू जात नाही.

डब्यातला_टाळकरी | ९ जुलै, रात्री ८:२०

ट्रेनचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी बदलापूरहून येतो, २६ वर्षं. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे, आता पूर्वीइतकी माणसं नाहीत पण आहोत. लोकांना वाटतं हे भक्तीसाठी, आणि आहेच ते भक्तीसाठी, पण माझ्यापुरतं सांगायचं तर २००९ मध्ये कंपनी बंद झाली, आठ महिने घरी, नंतर निम्म्या पगारावर नोकरी लागली, तेव्हा मी नास्तिकासारखाच त्या डब्यात चढलो होतो. एकाने हातात टाळ दिला. मला ताल येत नव्हता. तो म्हणाला, माझ्या हाताकडे बघ. ठाण्यापर्यंत माझे हात त्याच्या हाताबरोबर पडायला लागले आणि घाटकोपरला माझ्या लक्षात आलं की गेली दहा मिनिटं मी कर्जाचा हप्ता विसरलोय.

वारीला दोनदा गेलोय. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, रोज चालायचं, चालताना नाचायचं, पावल्या टाकायच्या, रिंगणात धावायचं. आणि मुक्कामाला पोचल्यावर कीर्तनाला हीच माणसं दीड-दोन तास मांडी घालून जागची हलत नाहीत. दिवसभर अंगातलं सगळं रस्त्यावर ठेवून आलेली असतात ना. माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो, आधी पाय, मग बैठक.

एक अजून. एकट्याने चालणं आणि चौघांबरोबर एका तालात चालणं यात फरक पडतो. का ते मला सांगता येणार नाही, पण पडतो.

एमडी_मुलुंड | १० जुलै, सकाळी ९:००

चर्चा उत्तम चाललीय, फक्त डॉक्टर म्हणून चार गोष्टी घालतो.

प्रत्येक अस्वस्थता ताणाचीच असते असं नाही. थायरॉईड वाढलं असेल तर धडधड, घाम, हाताला कंप, वजन उतरणं, झोप जाणं हे सगळं होतं, एक साधी रक्ततपासणी करून घ्या. पायातली वळवळ फक्त संध्याकाळी-रात्री आडवं झाल्यावर येत असेल आणि चाललं की थांबत असेल तर ते पायांचं वेगळं दुखणं असू शकतं, त्यात लोह कमी असतं बऱ्याचदा, फेरिटिन तपासा. बायकांनी विशेष, गरोदरपणातही होतं. काही गोळ्यांमुळेही माणूस एका जागी बसू शकत नाही, मानसिक आजाराच्या काही, उलटीच्या काही. नवीन गोळी सुरू झाल्यावर हे सुरू झालं असेल तर ज्यांनी दिली त्यांना त्याच दिवशी फोन करा, मनाने बंद करू नका. आणि चालताना छातीत दाब येऊन तो हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर जिने चढत बसू नका, आधी ईसीजी.

चहा. भांडुपकर, दिवसाला किती कटिंग होतात? कॅफिन अर्धं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातला निम्मा रात्री अकराला तुमच्या अंगातच असतो.

आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, झोप चार तासांवर आली, जगणं नको वाटायला लागलं, तर मानसोपचार ओपीडीत जा. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं. जाणं होत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

भांडुपची_गॅलरी | १२ जुलै, रात्री ११:३०

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. डॉक्टरसाहेब, आठ कटिंग. मोजल्यावर कळलं. आता तीन, शेवटचा चारच्या आधी. रक्त दिलंय तपासायला, परवा रिपोर्ट.

गॅलरी सव्वीस फूट आहे. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं, रात्री दहानंतर कुणी नसतं. दोन दिवस भरभर फेऱ्या आणि मग हळू, असं केलं. पहिल्या दिवशी काही कळलं नाही, नुसता घाम. काल मात्र एक झालं. हळू फेऱ्या चालू होत्या, पाऊस पडत होता, आणि पाऊस पडतोय हे माझ्या लक्षात आलं. म्हणजे तो संध्याकाळपासून पडतच होता, मी त्यात भिजत घरी आलो होतो, पण ऐकू आत्ता आला. पत्र्यावरचा वेगळा, खालच्या बदामाच्या झाडावरचा वेगळा. एवढंच. दोन मिनिटं असेल.

एक प्रश्न, फिजिओ ताई. भिंत ढकलल्यावर हातपाय थरथरतात आणि मग एकदम रडायला येतं. मला मार्चपासून रडू आलं नव्हतं. हे थांबवायचं का?

नाइट_ड्यूटी_सिस्टर | १३ जुलै, पहाटे ४:१०

ताई झोपल्या असतील, मी जागी आहे म्हणून सांगते. थांबवू नका. पॅसेजमध्ये परत आलेली माणसं पाणी पिता पिता रडतात, रोज बघते. फक्त एकटे राहू नका, वहिनींना सांगून ठेवा की असं होतं, घाबरू नकोस, शेजारी उभी राहा.

परळची_फिजिओ | १३ जुलै, सकाळी ९:४५

सिस्टरना अनुमोदन. थरथर संपली की पाठीवरून शाल घ्या, गरम काहीतरी प्या. फार होतंय असं वाटलं तर जोर निम्मा करा, वेळ कमी करा. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा हेही सांगा.

दहा_बाय_बारा | १५ जुलै, रात्री १०:०५

कडीचं करून बघतेय रोज. परवा परळला गाडी पंधरा मिनिटं उभी होती, लाईट गेले, बायका ओरडायला लागल्या, आणि माझे हात आपोआप कडी आवळायला आणि सोडायला लागले, मी ठरवलं पण नव्हतं. धडधड आली पण अंगावर आली नाही. शेजारी एक कॉलेजची मुलगी घाबरली होती, तिला दाखवलं. दोघींनी मिळून केलं.

भांडुपची_गॅलरी | २१ जुलै, रात्री १०:४०

थायरॉईड नॉर्मल, बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू. झोप साडेपाच तासांवर आलीय.

आज एक सांगायचंय. बाबांच्या फिजिओथेरपीवाल्याने त्यांना घरी करायला व्यायाम दिलाय, डावा हात मांडीवर, उजवा हात मांडीवर, आलटून पालटून थापा मारायच्या, उजवा उचलत नाही तर आपण धरून उचलायचा. मी हे रोज उरकायचो, एक डोळा घड्याळावर ठेवून, ते चिडायचे, मी चिडायचो. आज टाळकरी दादांचं आठवलं. समोर खुर्ची घेऊन बसलो आणि त्यांच्या मांडीवर नाही तर माझ्या मांडीवर त्यांच्याबरोबर थापा मारायला लागलो. त्यांच्या वेगाने. त्यांचा वेग फार हळू आहे. सुरुवातीला माझे हात पुढे पळायचे, मग त्यांच्या हाताकडे बघायला लागलो. कधीतरी ते काहीतरी गुणगुणायला लागले, शब्द कळले नाहीत, चाल आरतीची होती. आई आतून येऊन दारात उभी राहिली.

किती वेळ झाला बघितलं तर पस्तीस मिनिटं. पस्तीस मिनिटं मी खुर्चीत बसलो होतो.

गिरगावच्या_काकू | २१ जुलै, रात्री १०:५५

बाबांना माझा नमस्कार सांग. आता रोज त्याच वेळी बसत जा दोघं.

डब्यातला_टाळकरी | २१ जुलै, रात्री ११:२०

राम कृष्ण हरी. माझ्याकडे लहान टाळांची जास्तीची जोडी आहे, हलकी आहे, त्यांच्या हाताला पेलेल. निरोप करा, भांडुप स्टेशनवर आणून देतो.

पहिल्यांदाच_लिहितेय | २४ जुलै, रात्री २:०५

हा धागा आत्ता सापडला. उद्या माझ्या मुलाचं ऑपरेशन आहे, तीन वर्षांचा आहे, तो नि त्याचे बाबा हॉस्पिटलमध्ये, मला एक रात्र झोपायला घरी पाठवलंय. झोप नाही. बसवत नाही. दोन तास खोलीत फिरतेय, कुणी जागं आहे का?

भांडुपची_गॅलरी | २४ जुलै, रात्री २:०९

मी आहे. ताई, तुमच्या बिल्डिंगला किती मजले आहेत? जिन्यात दिवा आहे का?

पहिल्यांदाच_लिहितेय | २४ जुलै, रात्री २:१०

चार. आहे दिवा. सासूबाई जाग्या आहेत.

भांडुपची_गॅलरी | २४ जुलै, रात्री २:११

मग त्यांना सांगून निघा, दाराशी उभं राहू दे त्यांना. चारही मजले भरभर उतरा, भरभर चढा, दोनदा. तिसऱ्या वेळी एकेक पायरी, कठड्याला हात लावून. फोन घरी ठेवा. आल्यावर लिहा, मी इथेच आहे, गॅलरीत.

नाइट_ड्यूटी_सिस्टर | २४ जुलै, रात्री २:१६

मी पण आहे गं.

पहिल्यांदाच_लिहितेय | २४ जुलै, रात्री २:३१

आले. सासूबाई पण एक मजला आल्या माझ्याबरोबर. पाणी प्यायले. आता पायरीवरच बसलोय दोघी.